थोरली, तहातली आणि अक्कांची नळी

सोलापुरात मी टिकले ती अक्कांमुळं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी त्यांची टिंगल करायला बसलेय. टिंगल थोडी होईलच, त्याला माझा इलाज नाही, बाईच तशा आहेत. पण उपकार आधी आणि गंमत मागून.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. त्यांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. लाइटच्या मीटरवर त्यांच्या गेलेल्या मालकांचं नाव होतं, आणि गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना अक्काच म्हणायचं. घरात तेलुगू, अंगणात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. आयुष्य सगळं यंत्रमागावर गेलेलं, त्या खडखडाटानं दोन्ही कान मंद झालेले. त्यामुळं त्यांचा टीव्ही लागला की पलीकडच्या गल्लीला आपला टीव्ही लावायची गरजच उरायची नाही.

तर त्या टीव्हीवर संध्याकाळी सात वाजता एक मालिका लागायची. राजा-राणीची. एक राजा, त्याची एक थोरली राणी, आणि शेजारच्या राज्याशी तह झाला तेव्हा तहाबरोबर आलेली एक राजकन्या. हिला आम्ही सगळे तहातली म्हणायचो. राजाचा जीव दोघींवर. म्हणून तो बिचारा कुणाकडंच जायचा नाही, खिडकीत उभा राहायचा. आठवडेच्या आठवडे खिडकीत. मधेच वीज कडाडायची, थोरलीचं तोंड दिसायचं, तहातलीचं दिसायचं, परत राजाचं, आणि भाग संपायचा.

लोक असल्या मालिका बघतात आणि झोपतात. अक्कांच्या घरी तसं चालत नव्हतं. भाग संपला की अंगणात बैठक बसायची आणि तिथं प्रत्येक भाडेकरूनं मत द्यायचं. भाडं दोन दिवस मागंपुढं झालं तर अक्का काही बोलायच्या नाहीत. मत मात्र रोजच्या रोज.

आणि मत द्यायचं कशात, तर नळीत. पाण्याच्या नळीत. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, अंगणात नळ एक आणि हिरवी प्लॅस्टिकची लांबलचक नळी एक, तीही अक्कांची. तिचं एक टोक अक्का आपल्या कानाला लावायच्या आणि दुसरं बोलणाऱ्याच्या हातात द्यायच्या. त्यातून त्यांना स्पष्ट ऐकू यायचं म्हणे. मुलीनं पाठवलेलं कानाचं यंत्र होतं त्यांच्याकडं, ते कपाटात. यंत्रातून सगळ्यांचंच ऐकू येतं, म्हणायच्या, नळीतून ज्याचं पाहिजे त्याचंच.

बरं, नळी हातात आली की ‘छान होता भाग’ म्हणून सुटका नाही. छान हा शब्द त्या अंगणात बंद होता. ‘दोघींचंही बरोबर आहे’ हेसुद्धा बंद. ज्याचं मत चांगलं, त्याला पुढचं पाणी येईल तेव्हा पहिला नंबर. ज्याचं मत पातळ, तो शेवटी. आणि शेवटच्या माणसाच्या घागरीत नळ फक्त खोकतो, हे सोलापुरात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मी कायम शेवटी.

माझं असं झालं होतं की मत ही वस्तू माझ्याकडं कधी नव्हतीच. माळशिरसच्या पुढं आमचं गाव. शाळा शेजारच्या गावात. आठवीत होते तेव्हा एसटीची फेरी बंद झाली, घरात ठरलं, आता शाळा बास. मला कुणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. पुढं अकलूजला शिवणकाम शिकले, तेही ठरवलं मावशीनं. मग सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि दादा स्वतः मला अक्कांच्या घरी सोडून गेला. दादा ट्रॅक्टरवर ऊस वाहतो. जाताना म्हणाला, जमलं तर ठीक, नाहीतर हंगाम संपला की न्यायला येतो. जमलं म्हणजे नेमकं काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग काय, कशानं जमणार नाही याचीच भीती. गॅस बंद आहे का परत बघायचा. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन ओढून बघायचं. अक्का ओट्यावरून बघत असायच्या. म्हणायच्या, कुलपाला पाय नाहीत, तुलाच आहेत, कामावर जा.

भाडेकरू आम्ही तिघंच. अक्का कुणालाच नावानं हाक मारायच्या नाहीत, गावानं मारायच्या. मी माळशिरस. शेजारच्या खोलीत रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले एकटे काका, ते कुर्डुवाडी. आणि त्यांच्या पलीकडं एका दवाखान्यातल्या नर्सबाई, त्या मंगळवेढा. सकाळी अंगणात अक्का ओरडायच्या, ‘कुर्डुवाडी, तुझं दूध उतू चाललंय,’ तेव्हा नवख्या माणसाला वाटायचं, मोठं काहीतरी संकट आलंय त्या गावावर.

कुर्डुवाडी थोरलीच्या बाजूचे. त्यांचं प्रत्येक मत रुळावरून जायचं. सिंगल लाइनवर समोरासमोर दोन गाड्या सोडल्या तर दोष गाड्यांचा नसतो, स्टेशनमास्तरचा असतो, आणि हा राजा म्हणजे हिरवा-लाल दोन्ही कंदील एकदम दाखवणारा माणूस आहे, असं ते नळीत सांगायचे. मंगळवेढा तहातलीच्या बाजूच्या. पण त्यांना जास्त काळजी थोरलीच्या बीपीची. एवढी रडते बाई आणि एक जण पाणी देत नाही, एक जण झोप म्हणत नाही, असला कसला राजवाडा. दोघांचं जुंपायचं. मग नळी माझ्याकडं यायची आणि मी म्हणायची, ‘छान होतं.’

अक्का नळीचं टोक कानावरून काढून त्यात डोकावून बघायच्या. काही अडकलंय का म्हणून.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा कारखान्यात दिवसभर साधी शिलाई मारता मारता विचार करून गेले आणि नळीत म्हणाले, राजाला मिशी शोभते. अक्का म्हणाल्या, ही बातमी झाली. मत सांग. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कुर्डुवाडीकाका म्हणतात ते बरोबर आहे. तर म्हणाल्या, ते त्यांचं आहे, त्यांनी एकदा दिलंय, परत कशाला देतेस. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला पाऊण बादली पाणी आलं. मंगळवेढ्यांनी गुपचूप एक घागर दिली म्हणून निभावलं.

अक्कांचे नियम बैठकीपुरतेच नव्हते. जाहिराती लागल्या की त्या टीव्हीवर चादर टाकायच्या, जाहिरात बघून मत पातळ होतं म्हणून. राजाला सर्दी झालेली दाखवली तेव्हा भाग संपल्यावरही ती चादर टाकून ठेवली, त्याला थंडी वाजू नये म्हणून. मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारलं, थोरली का तहातली? तो म्हणाला, मी क्रिकेट बघतो. त्याला पाणी दिलं. चहा ठेवला होता, तो परत आत गेला.

एकदा तर कमालच झाली. राजा निकाल देणार असा भाग होता. आठवडाभर दाखवत होते, ‘राजा कुणाची निवड करणार.’ बरोबर सातला लाइट गेली. आम्ही अंधारात बसलो. अक्का म्हणाल्या, थांबून काय उपयोग, आपणच करू. मेणबत्त्या लावल्या. कुर्डुवाडी राजा झाले, डोक्याला टॉवेल बांधून. मंगळवेढा थोरली. तहातली मला करायचं ठरलं, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना म्हणून मला खिडकी केली. दोन्ही हात वर करून उभी राहिले आणि राजा माझ्यातून बाहेर बघत होता. कुर्डुवाडींनी खूप विचार करून निकाल दिला की आपलं वय झालं, आपण सेवानिवृत्त होत आहोत, आणि दोन्ही राण्यांना आयुष्यभराचा पास मिळेल. मंगळवेढ्यांनी राजाची नाडी बघून निवृत्ती मंजूर केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग परत दाखवला. राजानं काहीच केलं नव्हतं. खिडकीतच होता. अक्का म्हणाल्या, त्यांचं चुकलंय, आपलं खरं. आणि पुढं बरेच दिवस बैठकीत ‘निवृत्त झाल्यानंतर राजानं असं बोलायला नको होतं’ अशी मतं द्यावी लागली.

या सगळ्यात अक्का स्वतः कुणाच्या बाजूच्या, हे मात्र कुणालाच कळलं नाही. कुर्डुवाडी शपथेवर सांगायचे की थोरलीच्या. मंगळवेढ्यांचं म्हणणं, तहातली रडली तेव्हा अक्कांनी पदर डोळ्याला लावलेला आपण पाहिला. विचारलं की अक्का म्हणायच्या, नळी एका वेळी एकाच बाजूनं वाहते. मी ऐकायच्या टोकाला आहे.

माझं पहिलं मत कसं आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या भागात दरबारात तहातलीवर चर्चा चालली होती. प्रधान बोलला, सेनापती बोलला, थोरली बोलली, राजा खिडकीतून बोलला. ती मधे उभी, मान खाली. नळी माझ्याकडं आली आणि मी छान म्हणायला तोंड उघडलं, तर निघालं भलतंच. म्हणाले, ‘एवढे सगळे बोलले. तिला यायचं होतं का, ते कुणी विचारलंच न्हाय.’

अक्कांनी या वेळी नळीत डोकावूनही बघितलं नाही. मला वाटलं, चुकलं. हातातलं टोक खाली ठेवून खोलीत पळाले आणि गॅस बंद आहे का बघितला. पाणी आलं त्या दिवशी अक्कांनी दार वाजवलं. ‘माळशिरस, घागरी काढ. पहिला नंबर.’ नळ उघडल्या उघडल्या जे जोराचं पाणी येतं ना, ते मी सोलापुरात तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

हंगाम संपला आणि दादाचा फोन आला. रविवारी येतो, सामान बांधून ठेव. गावात लोक विचारायला लागलेत, पोरगी एकटी तिकडं काय करते म्हणून. मी म्हणाले, बरं. त्याच आठवड्यात कारखान्यात मला कॉलरच्या मशीनवर बसवलं होतं, साध्या शिलाईवरून उचलून. ती मशीन मला फार आवडली होती. हे मी दादाला सांगितलं नाही. बरं म्हणाले आणि फोन ठेवून फळीवरचे डबे उतरवायला लागले.

डबे वाजले तशा अक्का दारात आल्या. दादा न्यायला येतोय म्हणाले. त्यांनी विचारलं, तुझं मत काय. मी म्हणाले, दादा म्हणतो ते बरोबरच असंल.

‘हे दादाचं झालं,’ अक्का म्हणाल्या. ‘तुझं?’

मी आणखी एक डबा उतरवला. त्यांनी तो परत फळीवर ठेवला आणि गेल्या.

रविवारी मालिकेचा खास भाग होता. दादा दुपारी आला, खांद्यावर रिकामं पोतं आणि हातात दोरी. त्यानं चप्पल काढायच्या आधीच अक्कांनी सांगितलं की निघायचं बोलणं भागानंतर. दादा म्हणाला, शेवटची एसटी जाईल. अक्कांना ते ऐकू गेलं नाही. ऐकू न जाणं त्यांना हवं तेव्हा फार चांगलं जमायचं.

मग दादा हाताची घडी घालून, दाराला टेकून, वाकडं तोंड करून मालिका बघायला लागला. पहिल्या जाहिरातीला अक्कांनी टीव्हीवर चादर टाकली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. दुसऱ्या जाहिरातीला तो खाली बसला. तिसऱ्या जाहिरातीला त्यानं कुर्डुवाडींना हळूच विचारलं, ही बारकी कोण?

त्या भागात राजा अखेर खिडकीतून हलला आणि हुकूम दिला, तहातलीला माहेरी परत पाठवा. वीज कडाडली. संपलं.

अंगणात नळी पहिल्यांदा पाहुण्याच्या हातात गेली. दादा म्हणाला, मला काय मत न्हाय. अक्कांनी सांगितलं, मग अंघोळीला पाणी न्हाय. एसटीच्या धुळीनं भरलेला माणूस, काय करतो. नळी तोंडाशी धरून म्हणाला, परत पाठवली ते बरंच केलं, तिकडं आईबाप वाट बघत असतील. कुर्डुवाडी खूश झाले. मंगळवेढा उसळल्या, की एवढी वर्षं राबली, तिथलं सगळं शिकली, आता कुठं तिचा जम बसतोय आणि परत काय पाठवता. दादा तापला. म्हणाला, ‘आवो बाई, पाठवायचीच व्हती तर आनली कशाला, ही राजाची चूकच हाय. लई मोठी चूक हाय. पर आता लोक बोलत्यात म्हनल्यावर त्यानं करायचं काय?’

‘तिला विचारायचं,’ मंगळवेढा म्हणाल्या.

‘राजा कशाला विचारंल?’ दादा म्हणाला.

अक्का उठल्या. कानाचं टोक काढलं आणि दादाच्या कानाला लावलं. त्याच्या हातातलं टोक घेतलं, अंगण ओलांडून माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या हातात दिलं.

‘माळशिरस. मत.’

समोरासमोर मला ते जन्मात जमलं नसतं. पण दादा दूर तिकडं, कानाला नळी लावून बसलेला, आणि माझ्यासमोर नुसतं एक हिरवं गोल भोक. त्याला मी घाबरत नव्हते. रोज बोलत होते त्याच्याशी. मी टोक उचलून तोंडाशी धरलं आणि म्हणाले, ‘दादा, मला यायचं न्हाय. मला हितंच ऱ्हायचंय. मला कॉलरची मशीन मिळालीया.’

आता नळीत आदल्या खेपेचं घोटभर पाणी राहिलेलं होतं. मी माझं टोक वर उचललं तसं ते खाली धावलं आणि माझ्या मतापाठोपाठ सगळं दादाच्या कानात गेलं.

दादा उडाला. एका पायावर नाचत डोकं झटकायला लागला. कुर्डुवाडी हसत सुटले, मंगळवेढा कापूस आणायला धावल्या, अक्का मात्र गंभीर. त्यांनी दादाला विचारलं, ऐकू आलं का. दादा कान पुसत, तोंड तिकडं करून, बराच वेळ पुसतच राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘आलं की. वल्लं आलं, पर आलं.’

थोड्या वेळानं म्हणाला, ‘ह्ये आदी का न्हाय सांगितलंस?’

‘कुनी इचारलंच न्हाय,’ मी म्हणाले. तेही नळीतच म्हणाले. टोक अजून हातातच होतं.

दादा त्या दिवशी गेला नाही. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, तहातली सीमेपर्यंत जाते का मधेच थांबते ते बघून उद्या जातो म्हणाला. सकाळी पाणी आलं, तेव्हा त्यानं चारही घरांचे पिंप भरले. संध्याकाळी बैठकीत राजाला असा काही झाडला की अक्कांनी त्याला पाहुण्यातला पहिला नंबर दिला, आणि असा नंबर पुढं कुणाला मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन निघाला तेव्हा पोत्यात माझं सामान नव्हतं. अक्कांनी आईसाठी घातलेली एक चादर होती. फाटकाजवळ थांबून एवढंच म्हणाला, ती मशीन नीट शीक. आणि गावात कुणी विचारलं तर? असं मी विचारणार होते, तोच म्हणाला, गावाचं मी बघतो.

बघितलंही. त्यानं घरी आईला मालिकेला बसवलं, मग चुलतीला, मग अर्धी आळी. रोज फोन यायचा आणि माझी खुशाली शेवटी, तहातलीची आधी. पोरगी तिकडं काय करते असं कुणी विचारलं की तो म्हणे त्यालाच विचारायचा, आधी तुमचं मत सांगा, थोरली का तहातली?

मालिका पुढं अशीच अचानक बंद झाली. राजा परत खिडकीत. अक्कांनी तीन-चार दिवस टीव्हीवरची चादर काढली नाही, सुतक पाळल्यासारखी. मग नवी मालिका लागली, तीही राजाचीच. आमचा कारखाना गावाबाहेर मोठ्या जागेत गेला तेव्हा मला तिकडं जवळ खोली घ्यावी लागली. आता मी कॉलरच्या लाइनवर नव्या मुलींना शिकवते. एखादी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली की मला अंगणच आठवतं. मी तिला म्हणते, ते माझं झालं, तुझं?

सुट्टीला अक्कांकडं जाते. कुलूप आता एकदाच ओढून बघते, हे त्यांना मुद्दाम सांगितलं. म्हणाल्या, एकदा तरी का? जाताना दर वेळी विचारते, अक्का, थोरली का तहातली, आता तरी सांगा. त्या म्हणतात, पाणी सुटलंय, आधी भरून घे. पाणी सुटलेलं नसतं.

आम्हा सगळ्यांची मतं त्यांनी पाण्यासारखी भरून घेतली, आणि त्यांचं एक मत कुणाच्या घागरीत पडलं नाही. मला वाटतं, आयुष्यात त्यांनाही कुणी फारसं विचारलेलं नसणार. मागाच्या आवाजात कोण कुणाला विचारतं.

म्हणून मी ठरवलंय. कधीतरी माझं स्वतःचं एक दार होईल, दाराशी माझा स्वतःचा नळ असेल. त्या दिवशी अक्कांना रिक्षानं घेऊन येईन, खाटेवर बसवीन, नळीचं बोलायचं टोक त्यांच्या हातात देईन आणि दुसरं माझ्या कानाला लावीन. छान म्हणाल्या तर चालणार नाही. दोघींचंही बरोबर म्हणाल्या तरी चालणार नाही. कितीही वेळ लागू दे, मी बसून राहीन. आणि नळी आधी झटकून घेणार नाही. कानात थोडं पाणी गेलं तर जाऊ दे.